दोन लढायांच्या मधला वेळ

ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये नव्याने उतरलेला खेळाडू सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतो. पैसे कसे मिळवायचे, आणि समोरचा शत्रू मरत का नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्याला अशी एखादी जागा हवी असते जिथे नुसते उभे राहिले तरी सोने पदरात पडेल, आणि दुसऱ्याचे उत्तर म्हणून एखादी जबरदस्त तलवार. मी हे खेळ बऱ्याच वर्षांपासून खेळते आहे आणि घरातल्या धाकट्यांना ते शिकवण्याचे कामही आपसूक माझ्याकडेच आले आहे, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मी पुष्कळदा ऐकले आहेत. माझ्या मते तो मुळात एकच प्रश्न आहे. एक शत्रू मेल्यापासून पुढच्या शत्रूवर पहिला घाव घालेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळाचे काय करायचे, असा तो प्रश्न आहे.

या वेळाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, कारण त्यात काही घडताना दिसत नाही. पात्र जमिनीवर बसून हेल्थ भरून येण्याची वाट पाहते, मॅना, म्हणजे मंत्र टाकण्याची शक्ती, संपल्यामुळे पाणी पीत राहते, पिशवी भरली म्हणून गावाकडे चालू लागते, किंवा मेल्यानंतर भुताच्या रूपात स्मशानापासून आपल्या प्रेतापर्यंत धावत सुटते. लढाईचे वीस सेकंद सगळ्यांच्या लक्षात राहतात आणि ही मधली मिनिटे कोणी मोजत नाही. खेळाचा तास मात्र मुख्यतः त्यांनीच खाल्लेला असतो.

एक हिशेब करून पाहू. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ 2004 च्या नोव्हेंबरमध्ये आला आणि त्याची जुनी रचना क्लासिक या नावाने 2019 मध्ये पुन्हा उपलब्ध झाली, त्यामुळे त्याचे नियम पुष्कळांना ठाऊक आहेत. समजा, आपले पात्र दहाव्या लेव्हलचे आहे. आठव्या लेव्हलचा शत्रू वीस सेकंदांत मरतो, पुढच्यापर्यंत चालायला दहा सेकंद लागतात, आणि दर चार शत्रूंमागे एकदा वीस सेकंद बसावे लागते. म्हणजे सरासरी पस्तीस सेकंदांना एक, तासाला सुमारे 103. याउलट तेराव्या लेव्हलचा शत्रू मरायला पंचेचाळीस सेकंद घेतो आणि आपल्याला इतका घायाळ करून जातो की प्रत्येक वेळी पंचवीस सेकंद बसणे भाग पडते. चालणे धरून ऐंशी सेकंदांना एक, तासाला 45. आता लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण पाहा. तीन लेव्हल वरच्या शत्रूला मारल्याबद्दल बरोबरीच्या शत्रूपेक्षा केवळ 15 टक्के जास्त गुण मिळतात, आणि या टप्प्यावर दोन लेव्हल खालच्यासाठी सुमारे 30 टक्के कमी. तेवढी घट धरूनही सोप्या शत्रूंमधून तासाला बरोबरीच्या 73 शत्रूंइतके गुण येतात आणि अवघड शत्रूंमधून 52 इतके. शिवाय या दोन शत्रूंच्या खिशात सापडणाऱ्या नाण्यांमध्ये फारसा फरक नसतो. एकीकडे तासाला 103 प्रेते आणि दुसरीकडे 45, एवढ्यात पैशाचाही निकाल लागतो.

यातले सेकंद मी सोयीसाठी धरलेले आहेत, ते प्रत्येकाच्या पात्रानुसार बदलतील. योद्ध्याच्या पात्राला स्वतःला बरे करता येत नसल्याने त्याचे बसणे लांबते. जादूगाराला मंत्राने फुकट पाणी तयार करता येते, परंतु त्याची सगळी ताकदच मॅनावर असल्यामुळे ते प्यायलाही त्यालाच बसावे लागते. शिकाऱ्याचा पाळीव प्राणी त्याच्या वाटचे घाव झेलतो, त्यामुळे एकट्याने खेळणाऱ्या नवख्यासाठी हे पात्र सर्वांत निर्धोक, असे मी बेलाशक सांगते. पात्र निवडताना लोक चिलखताची शोभा पाहतात. ते किती वेळ बसून राहणार आहे, हे पाहावे.

आता प्रत्यक्ष लढाईकडे वळते. माझा भाचा याच खेळात एल्विन जंगलातल्या खाणीत कोबोल्डांशी लढत होता आणि पुन्हा पुन्हा मरत होता. कोबोल्ड म्हणजे डोक्यावर मेणबत्ती घेऊन फिरणारे उंदरासारखे खाणकामगार, खेळातले जवळजवळ सर्वांत दुबळे शत्रू. “मावशी, हा मरतच का नाही?” असे त्याने वैतागून विचारले. “तो मरतोय रे, पण त्याच्याआधी तू मरतोयस,” असे म्हणून मी त्याच्या शेजारी बसले आणि पडद्याकडे पाहू लागले. बोगद्याच्या वळणावर दोन कोबोल्ड खांद्याला खांदा लावून उभे होते, आणि तिसरा ठरावीक अंतरापर्यंत येऊन परत जात होता. भाचा धावत गेला आणि जवळच्याच्या डोक्यात त्याने गदा घातली. दुसरा लगेच वळला. हेल्थ निम्म्यावर आली तोवर तिसराही फेरी पूर्ण करून तिथे पोहोचला. एकाशी लढण्याइतकी ताकद असलेले पात्र तिघांशी लढत होते, आणि त्याला मात्र आपली गदा हलकी असल्याचा संशय येत होता.

दोन शत्रूंशी एकाच वेळी लढणे एकाशी लढण्याच्या दुप्पट अवघड असते, असे वाटते खरे, पण ते जवळजवळ तिप्पट असते. पहिला मरेपर्यंत दोघांचे घाव बसतात आणि त्यानंतर दुसरा मरेपर्यंत एकाचे. एक शत्रू मारायला वीस सेकंद लागत असतील तर पहिले वीस सेकंद दुप्पट मार आणि पुढचे वीस सेकंद एकपट, मिळून तिप्पट मार. तिघे असले तर हाच हिशेब सहापटीवर जातो. म्हणून शत्रूला एकेकटे बाहेर ओढणे, ज्याला सगळे खेळाडू पुल करणे म्हणतात, ही या खेळांतली पहिली विद्या आहे आणि ती कोणत्याही तलवारीपेक्षा मोलाची आहे. लांबून एक बाण किंवा एक मंत्र टाकायचा, आणि शत्रू आपल्याकडे येऊ लागला की मागे सरत जायचे, ज्या जागेतले सगळे आधीच मारून झाले आहेत अशा मोकळ्या जागेपर्यंत. फेऱ्या घालणारा शत्रू दिसला तर त्याची एक पूर्ण फेरी शांतपणे पाहायची आणि तो आपल्या टोकाला आला की आधी त्यालाच उचलायचे. भाच्याला त्या फेरीची वाट पाहणे हा वेळेचा अपव्यय वाटला. त्याआधी प्रेतापर्यंतच्या धावाधावीत किती वेळ गेला, याकडे त्याचे लक्ष नव्हते.

आणखी एक गोष्ट त्याच खाणीत दिसते. दोन पायांवर चालणारे, बोलणारे बरेचसे शत्रू मरायला टेकले की पळत सुटतात. हाती लागलेली शिकार निसटते आहे असे वाटून नवखा खेळाडू त्यांच्या मागे धावतो, आणि तो शत्रू त्याला सरळ आपल्या साथीदारांच्या घोळक्यात नेऊन सोडतो. आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात ते हेच. शत्रूची हेल्थ पाव उरली की त्याचा वेग कमी करणारी किंवा त्याला जागीच खिळवणारी एक क्रिया हाताशी राखून ठेवावी, लढाईच्या सुरुवातीला ती उधळू नये. शिवाय खाण म्हणजे एकच वाट. मारलेले शत्रू काही मिनिटांनी पुन्हा उभे राहतात, म्हणजेच रिस्पॉन होतात, आणि आत रेंगाळणाऱ्याची परतीची वाट त्याच्या पाठीमागे हळूहळू भरत जाते. आत शिरताना परत कधी फिरायचे ते ठरवून ठेवलेले बरे.

माघार घेण्याबद्दल मात्र अनेकांच्या मनात उगाच कमीपणाची भावना असते. पळायचे ठरवले तर ते हेल्थ निम्मी असताना ठरवावे, कारण पाठ फिरवल्यावरही काही घाव बसणारच असतात. औषधाच्या बाटलीचेही तेच. एक बाटली प्यायल्यावर दुसरी पिण्याआधी ठरावीक वेळ जावा लागतो, त्याला कूलडाउन म्हणतात, म्हणून पहिली बाटली लवकर घेतली तर दुसरीची पाळी त्याच लढाईत येऊ शकते. शेवटच्या श्वासाला घेतलेली बाटली म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. पुष्कळशा नव्या खेळांत शत्रू ठरावीक अंतरापर्यंत पाठलाग करून आपल्या जागी परत जातो. 1999 मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्टमध्ये अशी दयामाया नव्हती. तिथे शत्रू त्या प्रदेशाच्या सीमेपर्यंत मागे लागत आणि पळणाऱ्याच्या मागे वाटेतले इतरही जोडले जात, म्हणून त्या लांबलचक रांगेला खेळाडू ट्रेन म्हणत. सीमेपाशी निवांत बसलेल्या भलत्याच खेळाडूंवर ती येऊन आदळे. आजही गर्दीच्या जागेत पळताना आपण कोणाच्या अंगावर शत्रू सोडतो आहोत, याचे भान ठेवणे हा साधा शिष्टाचार आहे.

मरणाची किंमत प्रत्येक खेळात वेगळी असते आणि ती पहिल्याच दिवशी माहीत करून घ्यावी. वॉरक्राफ्टमध्ये मेल्यावर अंगावरच्या साहित्याची दहा टक्के झीज होते आणि प्रेतापर्यंत भुताच्या रूपात धावावे लागते. ही धाव टाळण्यासाठी स्मशानातल्या स्पिरिट हीलर या पात्राकडून तिथल्या तिथे जिवंत होता येते, पण मग अंगावरच्या आणि पिशवीतल्या साहित्याची मिळून 25 टक्के झीज होते, आणि विसाव्या लेव्हलनंतर दहा मिनिटे पात्र अगदी दुबळे राहते. दुरुस्तीचे पैसे भरताना नवख्याला जे आश्चर्य वाटते ते इथून सुरू होते. एव्हरक्वेस्टच्या सुरुवातीच्या काळात तर सगळे साहित्य प्रेतावरच राहत असे आणि खेळाडूला नि:शस्त्र अवस्थेत ते आणायला जावे लागे. रूनस्केप या खेळाच्या वाइल्डरनेस नावाच्या भागात इतर खेळाडू आपल्याला मारू शकतात आणि साधारणपणे सर्वांत मौल्यवान तीन वस्तू सोडून बाकीचे गमवावे लागते. ईव्ह ऑनलाइन या अंतराळजहाजांच्या खेळात नष्ट झालेले जहाज कायमचे जाते. 2014 च्या जानेवारीत तिथे बी-आर5आरबी या तारामंडळात झालेल्या युद्धात टायटन या सर्वांत मोठ्या प्रकारची 75 जहाजे नष्ट झाली आणि खऱ्या पैशांत त्या नुकसानीचा अंदाज सुमारे तीन लाख डॉलर करण्यात आला. जे गमावणे परवडणार नाही ते जहाज घेऊन बाहेर पडू नये, असे तिथले जुने खेळाडू प्रत्येक नवख्याला बजावतात. मी हाच नियम बाकीच्या खेळांतही पाळते. धोक्याच्या जागी जाताना पिशवी रिकामी करून जावे.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. आकडा मोठा दिसला की शस्त्र चांगले, असा समज असतो, पण त्या आकड्याला वेगाने भागून पाहायला हवे. ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये, म्हणजे रूनस्केपच्या जुन्या रूपात, सगळ्या हालचाली 0.6 सेकंदाच्या ठोक्यांवर चालतात. तिथे सिमिटार ही वाकडी तलवार दर चार ठोक्यांना, म्हणजे 2.4 सेकंदांना फिरते, लांब तलवार 3 सेकंदांना आणि दोन हातांनी पेलायची तलवार 4.2 सेकंदांना. म्हणूनच तिथले लोक नवख्याला सिमिटार घ्यायला सांगतात. वॉरक्राफ्टच्या जुन्या रूपात मात्र योद्ध्याचे खास घाव शस्त्राच्या एका फटक्याच्या नुकसानीवर मोजले जातात, त्यामुळे तिथे संथ आणि जड शस्त्रच जास्त उपयोगी पडते. एका खेळातला सल्ला दुसऱ्या खेळात जसाच्या तसा नेता येत नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावे. समोर कोण आहे हेही पाहावे लागते. रूनस्केपमध्ये हातघाईचा योद्धा धनुर्धराला भारी पडतो, धनुर्धर जादूगाराला आणि जादूगार योद्ध्याला.

आता पैसा. या जगांत पैसा दोन वाटांनी आपल्याकडे येतो. एक म्हणजे खेळच तो निर्माण करून देतो, शत्रूच्या खिशातून, कामगिरीच्या बक्षिसातून किंवा दुकानदार पात्राला माल विकून. दुसरी वाट म्हणजे इतर खेळाडूंकडे आधीच असलेला पैसा आपल्याकडे येतो. पहिल्या वाटेने येणारा पैसा दर क्षणी नव्याने ओतला जात असतो, आणि तो कुठेतरी जिरला नाही तर किमती वाढत सुटतात, म्हणून दुरुस्ती, प्रवास, शिक्षण आणि बाजाराची दलाली अशा जागी खेळ तो परत काढून घेतो. डायब्लो 2 मध्ये सोने इतके निरुपयोगी झाले होते की खेळाडू स्टोन ऑफ जॉर्डन नावाच्या अंगठीत व्यवहार करत. पाथ ऑफ एक्झाइल आला तेव्हा त्यात सोने ठेवलेच नव्हते. साहित्य सुधारण्यासाठी वापरायचे ऑर्बच चलन म्हणून चालत, म्हणजे चलन वापरले की आपोआप नष्ट होई. ही रचना मला फार हुशारीची वाटते.

अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड कॅस्ट्रोनोवा यांनी 2001 मध्ये एव्हरक्वेस्टमधल्या नोरॅथ या जगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाबाहेर वस्तू आणि पात्रे ज्या किमतींना विकली जात त्यांवरून त्यांनी हिशेब मांडला की तिथे खेळणारा माणूस तासाला सुमारे 3.42 डॉलर मूल्याचे उत्पन्न निर्माण करतो, आणि नोरॅथचे दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या दरम्यान कुठेतरी बसते. त्या अभ्यासातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी तासाला धरून मोजले. दर शत्रूमागे किती मिळाले, हे नवखा पाहतो. दर तासाला किती मिळाले, असे विचारले की बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

उदाहरणार्थ, पिशवी. वॉरक्राफ्टच्या जुन्या रूपात सुरुवातीच्या पिशवीत 16 जागा असतात. त्या भरल्या की खेळाडू एक तर गावाकडे चालू लागतो किंवा माल टाकून देतो. सुरुवातीच्या शत्रूंकडे मिळणाऱ्या लिननच्या कापडापासून शिवलेली सहा जागांची पिशवी हा म्हणून माझ्या यादीत पहिला खर्च असतो, शस्त्राच्याही आधी. रूनस्केपमध्ये पिशवीत 28 जागा असतात आणि गाईचे कातडे एकावर एक रचता येत नाही, एकेक कातडे एकेक जागा अडवते. लंब्रिज गावाबाहेरच्या कुरणात गाय मारायला काही सेकंद लागतात, कारण तिची हेल्थ अवघी आठ असते. पण 28 कातडी झाली की किल्ल्याच्या वरच्या मजल्यावरील बँकेपर्यंत जाणे आणि परत येणे आलेच. गाई मारणे हा नवख्याचा चांगला धंदा आहे, पण त्याची कमाई तलवारीच्या धारेपेक्षा त्या फेऱ्या कशा आखल्या यावर ठरते. जाताना कातडी न्यावीत आणि येताना वाटेतले दुसरे काही काम उरकावे.

दुसऱ्या खेळाडूंचा पैसा आपल्याकडे का यावा, याचा विचार केला की कमाईची खरी वाट दिसते. ज्याची लेव्हल वरची आहे त्याच्याकडे पैसा भरपूर असतो आणि खालच्या भागात परत येऊन कापड, तांबे किंवा औषधी वनस्पती गोळा करण्याचा त्याला कंटाळा असतो. नवी शिवणकला शिकणाऱ्या धनाढ्याला शंभर लिनन हवे असते आणि ते आत्ताच्या आत्ता हवे असते. म्हणून वॉरक्राफ्टसारख्या खेळात सुरुवातीला खाणकाम, वनस्पती गोळा करणे आणि कातडी सोलणे यांपैकी दोन व्यवसाय घ्यावेत आणि वस्तू बनवण्याचे व्यवसाय नंतरवर टाकावेत, हे माझे ठाम मत आहे. बनवणाऱ्याचा पैसा शिकण्यातच जातो. गोळा करणारा शिकता शिकता विकत असतो, आणि त्याचे काम दोन लढायांच्या मधल्या चालण्यातच उरकते.

लिलावाच्या बाजारात, म्हणजे ऑक्शन हाउसमध्ये उतरण्यापूर्वी दलालीचा दर पाहून घ्यावा. वॉरक्राफ्टच्या नेहमीच्या बाजारात विक्रीच्या पाच टक्के कापले जातात आणि माल विकला गेला नाही तर भरलेली अनामतही जाते. गिल्ड वॉर्स 2 मध्ये माल मांडताना पाच टक्के आणि विकल्यावर दहा टक्के, असे मिळून पंधरा टक्के जातात. म्हणजे तिथे शंभराला घेतलेली वस्तू निदान 118 ला विकली तरच काही हाती लागेल. घेऊन विकण्याच्या धंद्यात पडलेले पुष्कळ नवखे 110 ला विकून आपण कमावले असे समजतात. माल मांडताना सगळ्यात स्वस्त विक्रेत्यापेक्षा किंचित कमी किंमत ठेवणे पुरते. निम्म्या किमतीला मांडणाऱ्याचा माल व्यापारी उचलतात आणि मूळ किमतीला पुन्हा मांडतात. ज्यांचे नाव करड्या रंगात दिसते त्या वस्तू मात्र थेट दुकानदार पात्राला विकून मोकळे व्हावे, त्या त्यासाठीच असतात.

खर्चाच्या बाबतीत मी जरा कंजूष आहे. लेव्हल झपाट्याने वाढत असताना बाजारातून चिलखत विकत घेऊ नये, कारण दोन दिवसांत कामगिरीच्या बक्षिसातून त्याहून चांगले मिळते. शिक्षकाकडे गेल्यावर शिकता येणारी प्रत्येक विद्या घेतलीच पाहिजे असे नाही, जी रोजच्या लढाईत वापरतो तेवढीच घ्यावी. वॉरक्राफ्टच्या जुन्या रूपात चाळिसाव्या लेव्हलला घोडा किंवा तत्सम वाहन घेता येते आणि शिक्षणासह त्याचा खर्च शंभर सोन्याच्या नाण्यांच्या आसपास जातो. त्या टप्प्यावर ही रक्कम डोळे पांढरे करणारी असते. पण वाहनाने चालण्याचा वेग साठ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे चालण्यात जाणारा वेळ जवळजवळ 38 टक्क्यांनी घटतो, आणि त्या क्षणापासून प्रत्येक तास जास्त कमाईचा होतो. तलवारीवर पैसे उडवून पायी फिरणारे पाहिले की मला त्यांची कीव येते.

दुर्मीळ वस्तूंच्या मागे लागणाऱ्यांसाठी एक आकडा सांगते. एखादी वस्तू शंभरात एकदा पडते असे कळले, की शंभर शत्रू मारल्यावर ती मिळायलाच हवी असे माणूस धरून चालतो. प्रत्यक्षात शंभर शत्रूंनंतर ती निदान एकदा मिळालेली असण्याची शक्यता फक्त 63 टक्के असते, आणि ती 95 टक्क्यांवर न्यायची तर सुमारे 300 शत्रू मारावे लागतात. आधीचे नव्याण्णव रिकामे गेले म्हणून शंभराव्याला काही जास्त संधी मिळत नाही. नवख्याने आपले उत्पन्न अशा वस्तूवर अवलंबून ठेवू नये. ज्या शत्रूंकडे दर वेळी काहीतरी विकण्याजोगे मिळते ते निवडावेत आणि दुर्मीळ वस्तू पडलीच तर ती बक्षीस समजावी.

जुने सल्ले वाचताना किमतींवर विश्वास ठेवू नये. जिथे वाहनासाठी शंभर सोन्याची नाणी जमवणे हे मोठे काम होते त्याच वॉरक्राफ्टमध्ये 2015 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत टोकन, म्हणजे खऱ्या पैशाने घेऊन खेळात सोन्याला विकता येणारी वस्तू, सुरू झाले तेव्हा वीस डॉलरच्या टोकनचा भाव 30,000 सोन्याच्या नाण्यांपासून सुरू झाला. जागा, शत्रू आणि माल यांबद्दलची माहिती टिकते, भाव टिकत नाहीत.

खऱ्या पैशाने खेळातले सोने विकणारे लोक प्रत्येक लोकप्रिय खेळात असतात. ते सोने बऱ्याचदा चोरलेल्या खात्यांमधून आलेले असते आणि घेणाऱ्याचे खातेही बंद होऊ शकते. रूनस्केपवर या धंद्याचा इतका ताण आला की 2008 च्या जानेवारीमध्ये खेळाडूंमधल्या असमान देवाणघेवाणीवर कडक मर्यादा घालाव्या लागल्या, आणि प्रामाणिक खेळाडूंनाही त्या 2011 च्या फेब्रुवारीपर्यंत सोसाव्या लागल्या. डायब्लो 3 ने 2012 मध्ये खऱ्या पैशांचा अधिकृत बाजारच उघडून पाहिला. शत्रू मारून साहित्य मिळवण्यातली गंमतच त्यामुळे नाहीशी होते, हे मान्य करून तो 18 मार्च 2014 रोजी बंद करण्यात आला. “पैसे दे, दुप्पट करून देतो” किंवा “चिलखत दे, फुकट सजवून देतो” असे म्हणत येणाऱ्या अनोळखी माणसाशी तर बोलण्यातही वेळ घालवू नये. देवाणघेवाणीच्या खिडकीत ठरलेल्या मालाऐवजी दुसरेच काही ठेवले गेले आहे का, ते मान्यतेचे बटण दाबण्याआधी वाचावे.

गट करून खेळण्याबद्दल इतकेच की शत्रूचे घाव झेलणारा टँक, बरे करणारा हीलर आणि मारा करणारे असे तीन प्रकार असतात, आणि मारा करणाऱ्याने टँकला शत्रूचे लक्ष स्वतःकडे ओढून घ्यायला दोन-तीन सेकंद द्यावेत. बाकीचे खेळता खेळता येते.

राहिला तो सर्वांत लांब वेळ, खेळ बंद असतानाचा. तोही हिशेबात धरता येतो. रूनस्केपच्या ग्रँड एक्स्चेंज या बाजारात मांडलेली खरेदी-विक्री खेळाडू नसतानाही पूर्ण होते, फायनल फँटसी 14 मध्ये आपले रिटेनर, म्हणजे पदरी ठेवलेले मदतनीस, बाजारात माल विकत राहतात, आणि ईव्ह ऑनलाइनमध्ये पात्राचे शिक्षण घड्याळाप्रमाणे चालूच राहते. त्यामुळे उठण्यापूर्वीची पाच मिनिटे माल मांडण्यासाठी आणि पिशवी रिकामी करण्यासाठी राखून ठेवावीत. वॉरक्राफ्टमध्ये पात्र सराईत किंवा मोठ्या शहरात ठेवून बाहेर पडले तर दर आठ तासांना एका लेव्हलच्या पाच टक्के इतकी विश्रांती जमा होते, ती दीड लेव्हलपर्यंत साठते, आणि तो साठा संपेपर्यंत प्रत्येक शत्रूमागे दुप्पट गुण मिळतात. मात्र त्यासाठी सराईच्या किंवा शहराच्या आतच खेळ बंद करावा लागतो. दाराबाहेर उघड्यावर पात्र सोडून गेले तर हाच साठा भरायला चौपट वेळ लागतो.